वाचक विचारतात : जपानी मॉनिटर, परका संगणक

जुन्या जपानी मॉनिटरांबद्दल बरीच पत्रं साठली होती, म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यांनाच दिलं आहे. बहुतेक पत्रांत तक्रार एकच: 'प्लग तर बसतो, मग चित्र का येत नाही?' या प्रांतात प्लग बसण्याला काडीचीही किंमत नाही. जपानी, युरोपी आणि अमेरिकी कंपन्यांनी तेच 8, 15 आणि 21 पिनांचे कनेक्टर उचलले आणि आतल्या तारा आपापल्या मर्जीने जोडल्या. त्यामुळे कात्री आणि सोल्डरगन हातात घेण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून काढा. एक, मॉनिटर किती किलोहर्ट्झला चालतो, म्हणजे सेकंदाला किती हजार आडव्या ओळी काढतो: 15, 24, 31, की यांतल्या एकाहून जास्त. दोन, रंगांचे सिग्नल ॲनालॉग आहेत (0.7 व्होल्ट, 75 ओहम) की डिजिटल (टीटीएल, म्हणजे नुसतं चालू-बंद सांगणारे, 5 व्होल्टपर्यंत). तीन, आडवा आणि उभा सिंक (ओळ आणि चित्र कुठे सुरू होतं ते सांगणारा इशारा) वेगळा लागतो की एकत्र चालतो. हीच तीन उत्तरं संगणकाबद्दलही लिहा. दोन्ही रकाने जुळले तर काम नुसत्या केबलचं आहे.

एनईसीच्या पीसी-9801 बरोबरचा 14 इंची रंगीत मॉनिटर मिळाला, संगणक मिळाला नाही. मागे दोन ओळींचं 15 पिनी कनेक्शन आहे. अमिगा 500 या कमोडोरच्या संगणकाला जोडायला केबल बनवली, तर तिरपे पट्टे येतात आणि कानाला बोचणारी बारीक शिट्टी ऐकू येते. पिना चुकल्या का? (योकोहामा)

पिना बरोबर असतील. मॉनिटर आधी बंद करा आणि ही जोडी पुन्हा लावू नका.

पीसी-9801 चं नेहमीचं चित्र 640 × 400 ठिपक्यांचं, आडवी वारंवारता 24.83 किलोहर्ट्झ, उभी 56.4 हर्ट्झ. फक्त याच मशीनसाठी बनलेले मॉनिटर एवढ्या एकाच वारंवारतेवर चालतात. अमिगा पाठवतो 15.6 किलोहर्ट्झ, म्हणजे एका ओळीला 40 ऐवजी 64 मायक्रोसेकंद. मॉनिटरच्या आडव्या डिफ्लेक्शनच्या कॉइलमधला करंट ओळ संपेपर्यंत चढत राहतो. ओळ दीडपटीहून लांब झाली की करंट तितकाच जास्त चढतो आणि ओळ संपताना उलटा बसणारा व्होल्टेजचा फटकाही मोठा होतो. हा फटका हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर आणि फ्लायबॅक (पिक्चर ट्यूबसाठी उच्च व्होल्टेज बनवणारा ट्रान्सफॉर्मर) सोसतात. काही मॉनिटरांत वाचवणारं सर्किट असतं, काहींत नसतं. तुमच्या मॉनिटरात ते आहे की नाही, याची परीक्षा अशी घेऊ नये. ट्रान्झिस्टर बदलता येतो. जुन्या मॉडेलचा फ्लायबॅक शोधत बसावं लागतं.

अमिगा आणि हा मॉनिटर यांच्यामध्ये टाकायला सोपी तयार पेटी नाही. जीबीएस-8200 सारखा बोर्ड 15 किलोहर्ट्झ घेतो खरा, पण बाहेर व्हीजीए देतो, म्हणजे 31 किंवा त्याहून वर. ओळी दुप्पट करणाऱ्या पेट्याही 15 वरून 31 ला नेतात. 24 कुणी देत नाही. ईसीएस (नंतरच्या, सुधारित) चिपच्या अमिगांत 'सुपर72' नावाचा मोड 24.62 किलोहर्ट्झचा आहे आणि तो पाहून पुष्कळांना मोह होतो. पण त्याची उभी वारंवारता 71 हर्ट्झच्या आसपास आहे. 56 साठी बांधलेल्या मॉनिटरवर चित्र स्थिरावत नाही. शिवाय खेळ त्या मोडमध्ये चालत नाहीत ते वेगळंच.

या मॉनिटरला चांगला जोडीदार हवा असेल तर लिनक्स चालणारा, हवी ती मोडलाइन (चित्राच्या टायमिंगच्या आकड्यांची ओळ) स्वीकारणाऱ्या ग्राफिक्स कार्डचा जुना पीसी घ्या. पीसी-98 चं मूळ टायमिंग असं आहे: डॉट क्लॉक 21.05 मेगाहर्ट्झ, आडवे आकडे 640, 704, 768, 848, उभे आकडे 400, 407, 415, 440, दोन्ही सिंक निगेटिव्ह. गणित करून बघा: 21.05 मेगाहर्ट्झला 848 ने भागलं की 24.82 किलोहर्ट्झ, त्याला 440 ने भागलं की 56.4. केबल अशी: व्हीजीएची 1, 2, 3 (लाल, हिरवा, निळा) मॉनिटरच्या 1, 3, 5 ला, व्हीजीएची 6, 7, 8 (त्यांची ग्राउंड) मॉनिटरच्या 2, 4, 6 ला, आडवा सिंक 13 वरून 14 ला, उभा 14 वरून 15 ला. सिंकची ग्राउंड, म्हणजे व्हीजीएची 10, कोणत्याही ग्राउंड पिनेला टाका.

एक पथ्य मात्र न चुकता पाळा. पीसी सुरू होताना बायॉस (पीसीचा सुरुवातीचा प्रोग्रॅम) 31 किलोहर्ट्झ पाठवतो. लिनक्स पूर्ण वर येऊन तुमचा मोड लागेपर्यंत मॉनिटर बंदच हवा, आणि पीसी बंद करायच्या आधी मॉनिटर बंद. मोड लागला की नाही ते दुसऱ्या पीसीवरून नेटवर्कने लॉगइन करून तपासता येतं. आळस केला तर महागात पडतं.

शार्प एक्स68000 चा मॉनिटर जपानहून आणला. त्यावर अमिगा 500 आणि अटारी एसटी दोन्ही चालवायचे आहेत. केबल तयार मिळत नाही. (ठाणे)

तुमचं नशीब योकोहामाकरांपेक्षा बरं. एक्स68000 (1987) स्वतःच 15, 24 आणि 31 किलोहर्ट्झ पाठवतो, म्हणून त्याच्यासोबतचे मॉनिटर तिन्ही घेतात. फुजित्सूच्या एफएम टाउन्स संगणकाच्या मॉनिटरांचंही तेच. वारंवारता बदलली की आत रिले 'टक्' वाजतो आणि क्षणभर पडदा काळा होतो. तो आवाज आला की मॉनिटरला सिंक ओळखू आला असं समजा.

मॉनिटरची मूळ केबल असेल तर तिला कापू नका. तिच्या टोकाला मेल प्लग असतो, म्हणून तुम्हाला 15 पिनी, दोन ओळींचं फीमेल सॉकेट लागेल. जुन्या साउंड कार्डावरचं जॉयस्टिकचं सॉकेट तेच. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत 'डीए-15 फीमेल' म्हणून मागा. नुसतं '15 पिन' म्हणालात तर तीन ओळींचं व्हीजीएचं हातात पडेल.

अमिगाच्या बाजूला 23 पिनी फीमेल हवं. ते दुर्मीळ आहे, म्हणून 25 पिनी फीमेल घेऊन 13 आणि 25 या पिनांच्या बाजूचं टोक बारीक दातांच्या करवतीनं उडवतात. इथे बहुतेकांची एक चूक होते. वरच्या ओळीचे क्रमांक तसेच राहतात, पण खालच्या ओळीत प्लास्टिकवर छापलेला 14 हा अमिगाचा 13 असतो, 15 हा 14, आणि असंच शेवटपर्यंत. छापलेल्या आकड्यावर विसंबून ग्राउंड जोडलीत तर एक पिन सरकून जोडाल.

जोडणी (अमिगाच्या खऱ्या क्रमांकांनी): लाल 3, हिरवा 4, निळा 5, आडवा सिंक 11, उभा सिंक 12, ग्राउंड 16 ते 20. मॉनिटरकडे याच क्रमाने 1, 3, 5, 14, 15, आणि ग्राउंड 2, 4, 6. अमिगाची 13 ही ग्राउंड समजू नका. ती बाहेरच्या क्लॉकच्या सिग्नलची परतीची वाट आहे. 21, 22, 23 वर वीजपुरवठा येतो. त्यांच्या पिनांवर सोल्डरचा थेंबही सांडू नये. जमलं तर त्या पिना सॉकेटमधून ओढूनच काढा. प्रत्येक रंगासाठी आपापली ग्राउंड असलेली शील्डेड वायर घ्या. लांबी दीड-दोन मीटर पुरे. तिन्ही रंग एकाच साध्या रिबन केबलमधून नेले तर अक्षरांच्या उजवीकडे भुताची सावली दिसते.

चित्र आलं पण वरून खाली घरंगळतं आहे? हा 50 हर्ट्झचा गोंधळ. हे मॉनिटर 55 ते 60 हर्ट्झच्या हिशेबानं बांधलेले. भारतात आणि युरोपात विकलेले अमिगा 50 देतात. मागचा व्ही-होल्ड (चित्र घरंगळू न देणारा खटका) हळू फिरवा. बऱ्याचदा तेवढ्यानं चित्र थांबतं. थांबलं तर व्ही-साइझ कमी करावी लागेल, कारण 50 हर्ट्झला ओळी जास्त असतात आणि खालचा भाग पडद्याबाहेर जातो. नाही थांबलं तर अमिगाच 60 वर न्या: किकस्टार्ट (अमिगाचं आतलं मूळ सॉफ्टवेअर) 3.1 आणि ईसीएसची ॲग्नस चिप असेल तर चालू करताना माउसची दोन्ही बटणं दाबून ठेवा, येणाऱ्या मेनूत एनटीएससी (60 हर्ट्झची टीव्ही पद्धत) निवडा. खेळ पाचव्या हिश्शानं जलद पळतील. संगीतही.

एसटीसाठी 13 पिनी डीन प्लग लागतो. लाल 7, हिरवा 6, निळा 10, आडवा सिंक 9, उभा 12, ग्राउंड 13. पिन 4 ला काहीही जोडू नका. ती ग्राउंड झाली की एसटीला वाटतं मोनोक्रोम मॉनिटर लावला आहे आणि तो 35.7 किलोहर्ट्झ, 71 हर्ट्झ पाठवायला लागतो. ते या मॉनिटरच्या आवाक्याबाहेर आहे. 60 हर्ट्झ हवे असतील तर एफएफ820ए या पत्त्यावर 0 लिहिणारा छोटा प्रोग्रॅम ऑटो फोल्डरमध्ये टाका. 2 लिहिलं की परत 50.

जाता जाता: जुन्या मॅकिंटॉशचं व्हिडिओ सॉकेटही हेच 15 पिनी. त्यात 1 वर लालची ग्राउंड आणि 2 वर लाल असतो, म्हणजे इथल्या अगदी उलट. मॅक थेट जोडलात तर त्याचा लाल सिग्नल सरळ ग्राउंडला जातो. आणि 13 इंची मॅकचं 640 × 480 चित्र 35 किलोहर्ट्झचं असल्यानं केबल सुधारूनही हाती काही लागत नाही.

एमएसएक्स2 साठीचा जपानी मॉनिटर आहे, मागे 21 पिनी आरजीबी सॉकेट. इथे सगळ्यांकडे स्कार्ट (युरोपी टीव्हींच्या 21 पिनी) केबली पडलेल्या असतात आणि त्या बसतातही. लावू का? (म्युनिक)

अजिबात नको. आकार तोच, तारा वेगळ्या, आणि या सदरातली सर्वांत महाग चूक हीच.

युरोपी स्कार्टमध्ये पिन 8 वर स्रोताकडून 12 व्होल्टपर्यंतचा इशारा येतो, 'टीव्ही, आता माझ्याकडे बघ' असं सांगणारा. जपानी 21 पिनीत 7 आणि 8 या व्हिडिओच्या ग्राउंड आहेत. म्हणजे केबल खुपसल्याबरोबर संगणकाचे 12 व्होल्ट जमिनीला लागतात. शिवाय स्कार्टचा निळा 7 वर असतो, तोही ग्राउंडला जातो. स्कार्टचा हिरवा 11 वर, तिथे जपानी मॉनिटरची एव्ही कंट्रोलची पिन आहे. मॉनिटरला ज्या 20 वर निळा हवा, तिथे स्कार्टचा सिंक येतो. नशिबानं जुळतो तो फक्त लाल: दोन्हीकडे 15. म्हणूनच 'मंद लाल चित्र, तेही हलणारं' अशी तक्रार ऐकू आली की समजावं, साहेबांनी स्कार्ट लावली आहे.

त्या स्कार्ट केबलीचं 21 पिनी प्लग मात्र कामाचं आहे. ते उघडा, सगळ्या तारा काढा आणि मॉनिटरच्या बाजूनं अशा जोडा:

लाल 15, त्याची ग्राउंड 13.
हिरवा 19, ग्राउंड 17.
निळा 20, ग्राउंड 18.
सिंक 9, ग्राउंड 7.
आवाज डावा 1, उजवा 5, ग्राउंड 3 आणि 4.
आरजीबी निवडीचा इशारा 16.

पिन 9 ही मुळात कॉम्पोझिट व्हिडिओसाठी, 75 ओहमची. अमिगाच्या पिन 10 वरचा एकत्र सिंक टीटीएल पातळीचा असतो, म्हणून मध्ये 470 ओहमचा रेझिस्टर घाला; 5 व्होल्टचे 0.7 होतात. रेझिस्टर न घालताही पुष्कळदा चित्र येतं, पण कडक पांढऱ्या पडद्यावर वरचा भाग वाकतो. पिन 16 ला 1 व्होल्टहून थोडं जास्त हवं: संगणकाच्या 5 व्होल्टवरून 180 ओहम घेऊन दिलंत की सुमारे दीड व्होल्ट मिळतात. मॉनिटरवर आरजीबीचं स्वतंत्र बटण असेल तर हीसुद्धा बहुधा लागत नाही.

ज्या संगणकातून आडवा आणि उभा सिंक वेगळाच येतो, त्याला 74एचसी86 या एक्सॉर चिपच्या एका गेटमधून एकत्र करून घ्या, आणि मग तोच 470 ओहम. उरलेल्या गेटांच्या इनपुट पिना ग्राउंडला बांधायला विसरू नका. लटकत ठेवल्या तर चिप उगाच गोंगाट करते.

प्लगवर मोठ्या अक्षरांत 'जपान 21' असं लिहून चिकटवा. सहा महिन्यांनी दोन सारख्या केबली समोर आल्या की कोणती कोणती हे तुम्हालाही आठवणार नाही.

शाळेच्या भंगारातून बीबीसी मायक्रोसारखा संगणक मिळाला, वर 'युनिकॉर्न' लिहिलं आहे. सोबत पीसी-8801 चा जपानी मॉनिटर आहे, 8 पिनी गोल सॉकेटचा. दोघांचं जमेल का? (नाशिक)

मजेची गोष्ट म्हणजे या सगळ्या पत्रांत मनापासून जुळणारी जोडी हीच आहे.

युनिकॉर्न म्हणजे सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेडनं परवाना घेऊन भारतात बनवलेला बीबीसी मायक्रो. 1984 साली सुरू झालेल्या 'क्लास' या शालेय संगणक प्रकल्पामुळे बीबीसी मायक्रो आपल्याकडच्या शाळांत पोचला. त्याचं आरजीबी आउटपुट डिजिटल आहे: लाल, हिरवा, निळा, प्रत्येक एक तर चालू नाही तर बंद, एकूण आठ रंग. पीसी-8801 चा डिजिटल मॉनिटरही आठच रंग जाणतो. दोन्ही टीटीएल, म्हणून रंगांच्या तारा रेझिस्टरशिवाय सरळ जोडायच्या. वारंवारताही जवळची: बीबीसीचे 15.625, मॉनिटरच्या 200 ओळींच्या मोडचे 15.98. मॉनिटरवर 200/400 ओळींचा स्विच असेल तर तो 200 वर हवा. 400 म्हणजे 24 किलोहर्ट्झ, आणि पहिल्या पत्रातली सगळी कथा पुन्हा. फक्त 400 ओळींचाच मॉनिटर असेल तर बेत सोडा.

अडचण सिंकची. बीबीसीच्या 6 पिनी सॉकेटवर 1 लाल, 2 हिरवा, 3 निळा, 4 एकत्र सिंक, 5 ग्राउंड, 6 वर +5 व्होल्ट. मॉनिटरला आडवा आणि उभा वेगवेगळा लागतो: 4 आडवा, 5 उभा, 6 लाल, 7 हिरवा, 8 निळा, 2 ग्राउंड. पिन 1 आणि 3 रिकाम्या ठेवा. 1 वर काही मशीन 12 व्होल्ट देतात.

सिंक फोडायला एलएम1881 ही 8 पायांची चिप वापरा. तिला इनपुटला अर्धा ते दोन व्होल्ट चालतात, पाच नव्हे. म्हणून बीबीसीच्या पिन 4 वरून 1 किलोओहम, तिथून 390 ओहम ग्राउंडला, आणि त्या दोघांच्या जोडावरून 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चिपच्या पाय 2 ला. पाय 6 ते ग्राउंड 680 किलोओहम आणि त्याला समांतर 0.1 मायक्रोफॅरड. पाय 4 ग्राउंड, पाय 8 ला बीबीसीचे 5 व्होल्ट, आणि चिपला अगदी खेटून 0.1 मायक्रोफॅरड आणखी एक. पाय 1 मॉनिटरच्या आडव्या सिंकला, पाय 3 उभ्याला. दोन्ही निगेटिव्ह येतात आणि मॉनिटरला निगेटिव्हच हवे असतात. चिपमध्ये ताकद कमी आहे. केबल मीटरभरापेक्षा लांब असेल तर दोन्ही आउटपुट 74एचसीटी125 सारख्या बफरमधून काढा.

सगळं नीट जोडूनही चित्र अर्धं सरकलेलं किंवा फाटलेलं दिसलं, तर बीबीसीच्या बोर्डावरची एस31 ही लिंक पाहा. एकत्र सिंकची दिशा ती ठरवते. एलएम1881 ला निगेटिव्ह सिंक लागतो. अक्षरं थरथरत असतील तर '*TV 0,1' टाइप करून मोड पुन्हा लावा. इंटरलेस (एकाआड एक ओळी काढण्याची पद्धत) बंद होतो.

8 पिनी डीनबद्दल दोन शब्द. ते दोन प्रकारांत येतं, पिनांचा घेर 262 अंशांचा आणि 270 अंशांचा. चुकीचं प्लग जोर लावल्यावर अर्धं आत जातं आणि पिना वाकतात. दुकानात जाताना सॉकेटचा समोरून काढलेला फोटो न्या. आणि डीनचे क्रमांक ओळीनं नसतात, म्हणून मनानं मोजू नका. प्लगच्या आत, सोल्डरच्या बाजूला बारीक कोरलेले आकडे भिंगातून वाचा.

याच मॉनिटरला अमिगा लावता येईल का, असं पुढचं पत्र येईल म्हणून आधीच सांगतो: नाही. अमिगाचे रंग 0.7 व्होल्टचे आणि टीटीएलला 'चालू' समजायला किमान 2 व्होल्ट लागतात. पडदा काळाच राहील. उलट बाजूनं मात्र जमतं: बीबीसीचे डिजिटल रंग एखाद्या ॲनालॉग मॉनिटरला द्यायचे तर प्रत्येक रंगात 470 ओहम घाला, झालं.

पुण्यात बनलेला डीबी स्पेक्ट्रम+ अजून चालतो. जपानी मॉनिटरच्या व्हिडिओ इनपुटला जोडला तर चित्र कृष्णधवल येतं. (पुणे)

डेसिबेल्सनं सिंक्लेअरच्या परवान्यावर बनवलेलं हे यंत्र पाल रंगपद्धतीचं, आणि जपानी मॉनिटरचं कॉम्पोझिट इनपुट एनटीएससी. मॉनिटरला ओळी आणि प्रखरता कळते, रंगाची भाषा कळत नाही. त्यामुळे कृष्णधवल चित्र म्हणजे बिघाड नव्हे. केबल बदलून रंग येणार नाहीत.

रंग हवेच असतील तर मध्ये पालमधून आरजीबी काढणारा डिकोडर बोर्ड लागतो. तो मॉनिटरच्या ॲनालॉग आरजीबी इनपुटला जोडायचा, आणि मॉनिटर 15 किलोहर्ट्झ घेणारा हवा. आमचं मत विचाराल तर एवढा खटाटोप करण्याऐवजी या स्पेक्ट्रमसाठी जपानी हिरवा किंवा अंबर मोनोक्रोम मॉनिटर शोधा. 32 अक्षरी ओळी त्यावर कोरीव दिसतात.

तुम्ही व्हिडिओ नेमका कुठून काढला ते लिहिलेलं नाही. टीव्हीच्या सॉकेटमधून काढला असता तर चित्र आलंच नसतं, तेव्हा मोड्युलेटरची (व्हिडिओला टीव्हीच्या चॅनलवर चढवणारी) डबी कुणीतरी आधीच बदललेली दिसते. ज्यांची मूळ अवस्थेत आहे त्यांच्यासाठी: डबीत दोन तारा जातात, एकीवर 5 व्होल्ट आणि दुसरीवर कॉम्पोझिट. मल्टिमीटरनं 5 व्होल्टची ओळखून ती सोडवा आणि टेपनं झाका. डबीतून सॉकेटच्या मधल्या टोकाला जाणारा रेझिस्टर एका बाजूनं उचला, आणि व्हिडिओची तार तिथे 100 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून जोडा, धन टोक बोर्डाकडे. चित्र घरंगळलं तर व्ही-होल्ड. स्पेक्ट्रम 50 हर्ट्झवरच चालतो आणि त्याला 60 वर नेता येत नाही.

एक्सटी पीसीला 9 पिनी कार्ड आहे. डिजिटल जपानी मॉनिटरवर चित्र येतं, पण उजवीकडे सरकलेलं आणि रंग कमी. (कोल्हापूर)

कार्ड सीजीए (आयबीएम पीसीचं जुनं रंगीत कार्ड) आहे. त्याचे दोन्ही सिंक पॉझिटिव्ह, मॉनिटरला निगेटिव्ह हवेत. पिन 8 (आडवा) आणि 9 (उभा) 74एलएस04 च्या एकेका इन्व्हर्टरमधून काढा, चित्र जागेवर येईल. चिपला 5 व्होल्ट कीबोर्डच्या सॉकेटवरून घेता येतात. रंग 3, 4, 5 वर, ग्राउंड 1 आणि 2 वर. पिन 6 वरची इंटेन्सिटी मॉनिटरकडे घ्यायला जागाच नाही, म्हणून सोळाचे आठ रंग उरतात. आयबीएमच्या मॉनिटरवर दिसणारा तपकिरी इथे झणझणीत पिवळा दिसेल, आणि तपकिरीवर पिवळी अक्षरं लिहिणाऱ्या प्रोग्रॅममध्ये काही दिसणारच नाही.

मात्र आपल्याकडच्या अनेक एक्सटींमध्ये हर्क्युलिस मोनोक्रोम कार्ड असतं, तेही 9 पिनीच. ते 18.4 किलोहर्ट्झ, 50 हर्ट्झ पाठवतं. तसल्या मशीनला हा मॉनिटर लावू नका.

जपानचा मॉनिटर 100 व्होल्टचा. बाजारात '230 ते 110' चा ट्रान्सफॉर्मर मिळतो. चालेल का? आणि केबल जोडताना बोटांना झिणझिण्या येतात. (पणजी)

110 चा नको. तो 230 गृहीत धरून बनवलेला असतो. रात्री लाइन 250 ला गेली की तुमच्या मॉनिटरला 119 मिळतात, 100 च्या जागी. जुने कपॅसिटर एवढं सोसतील याची खात्री नाही. '230 ते 100' असा वेगळा गुंडाळून घ्या. ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे कारागीर अजून आहेत. ऑटो प्रकारचा नको, दोन वेगळ्या वाइंडिंगचा सांगा. क्षमता मॉनिटरच्या मागे लिहिलेल्या वॉटच्या दुप्पट-अडीचपट ठेवा: 14-15 इंचीला 250 ते 300 व्हीए. मॉनिटर चालू होताना डिगॉस कॉइल (पडद्याचं चुंबकत्व घालवणारी) क्षणभर खूप करंट ओढते. बारका ट्रान्सफॉर्मर घुमतो आणि फ्यूज उडतो. फ्यूज प्रायमरीच्या बाजूला, स्लो-ब्लो.

झिणझिण्या अर्थिंगच्या. जपानी वायरला दोनच पाती असतात आणि प्लगपाशी एक हिरवी सुटी तार लोंबत असते, ती अर्थची. आपल्याकडे ती बहुतेक जण गुंडाळून ठेवतात. अर्थ नसली की आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरांमुळे धातूच्या पेटीवर पुरवठ्याच्या जवळपास निम्मा व्होल्टेज तरंगतो. करंट अगदी थोडा, माणसाला फक्त मुंग्या येतात. पण केबल लावताना सिग्नलची पिन ग्राउंडच्या आधी टेकली तर तोच करंट संगणकाच्या व्हिडिओ चिपमधून वाट काढतो. संगणकाच्या पुरवठ्याला अर्थ नसेल तर तिथेही तसंच होतं. हिरवी तार तीन पिनी प्लगच्या अर्थला जोडा, सॉकेटमध्ये अर्थ खरोखर आहे का ते तपासून घ्या, आणि मॉनिटर व संगणक एकाच बोर्डावरून चालवा. व्हिडिओ केबल लावता-काढताना दोन्ही बंद, आणि दोन्हींचे प्लग भिंतीतून काढलेले.

मॉनिटरचं मागचं झाकण उघडून व्ही-साइझचा स्क्रू शोधायचा विचार असेल तर पिक्चर ट्यूबवर 20 हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही तिथे चार्ज टिकून राहतो हे ध्यानात ठेवा. ज्यानं टीव्ही दुरुस्त केले आहेत अशा माणसाला समोर बसवूनच तो स्क्रू फिरवा, प्लास्टिकच्या पेचकसानं.